सातव्या नावाला ओ

यातलं काहीही मी रचलेलं नाही. रचता आलं असतं, तर शेवट वेगळा केला असता.

हे माझ्या धाकट्या बहिणीच्या, सुकन्याच्या घरात घडलं. गेल्या वर्षीच्या माघी पौर्णिमेला सुरुवात झाली. जागा भिवंडीजवळची. अंजूरच्या पुढे, खाडीला लागून असलेली कांदळवाडी. नकाशात शोधू नका, गावाचं नाव मी बदललं आहे.

आणि वेळ रात्रीची नव्हती. तिन्हीसांजेची होती. साडेसहाची. मांडवात चारशे माणसं बसलेली होती.

बरंचसं सुकन्यानं मला सांगितलं, तुकड्यातुकड्यानं. शेवटचा तुकडा मी स्वतः पाहिला.

सुकन्या लग्न होऊन कांदळवाडीत आली त्याला तेव्हा बारा वर्षं झाली होती. नवरा भूपेश वडप्याला एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर. घरात सासू आनंदीबाई आणि नऊ वर्षांची ओवी. सुकन्याला शिकवायची भारी हौस. रोज संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात ती गावातली वीस-बावीस पोरं गोळा करायची. आधी हजेरी, मग पाढे, मग गोष्ट. हजेरीला तिची एकच शिस्त. नाव घेतलं की खणखणीत ओ आली पाहिजे. तोंडातल्या तोंडात पुटपुटलेलं तिला चालायचं नाही.

ही शिस्त तिला कुणी लावली, ते शेवटी सांगतो.

देऊळ बांधदेवीचं. खाडीचं खारं पाणी भातशेतात शिरू नये म्हणून गावानं पूर्वी मातीचा लांबच लांब बांध घातला होता. त्या बांधात एक उघाडी आहे. उघाडी म्हणजे लाकडी झडप. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडते, भरती आली की मिटते. देऊळ बरोबर त्या उघाडीच्या डोक्यावर. आता निम्म्या शेतांवर गोडाऊनं उभी राहिली आहेत. पण बांध तसाच आहे, आणि देवीही.

त्या वर्षी देवळाचं नवं शिखर पुरं झालं होतं. माघी पौर्णिमेला कळस चढणार होता. देवस्थान कमिटीचा प्रितम सुकन्याकडे आला.

"वहिनी, देवळाचा इतिहास लिहून द्या. दोन पानं बास. पन शाळेतल्यासारका नको हां. वाचता वाचता मानूस घोरला नाय पायजे."

"तू शाळेत कधी होतास रे घोरायला?" सुकन्या म्हणाली.

ती वही घेऊन घरोघर फिरली. म्हाताऱ्याकोताऱ्यांना बोलतं केलं. सगळ्यांनी एकच हकिगत सांगितली. सात घरांनी मिळून बांध घातला. तीन पावसाळे तो उघाडीपाशीच फुटत राहिला. चौथ्या वर्षी सातही जणांनी देवीला बोल दिला. देऊळ उभारलं. बांध टिकला.

"काय बोल दिला होता?" सुकन्या विचारायची.

आणि प्रत्येक जण तिथंच थांबायचा.

"दिला आसंल कायतरी. जुनी मानसं ती. च्या घेतेस ना?"

त्या सात जणांचा मान गावात अजून पाळला जातो. दर माघी पौर्णिमेला देवीसमोर सात पाट मांडतात. गुरव एकेका मूळ पुरुषाचं नाव घेतो. ज्याच्या घरचं नाव, त्या घरातला माणूस "हाय!" म्हणून पुढे येतो आणि पाटावर बसतो. सहा नावांना सहा ओ येतात.

सातवं नाव दामू हिराजीचा.

त्याच्या घरात आता कुणी नाही. गुरव नाव घेतो. सगळे मान खाली घालून गप्प राहतात. सातव्या पाटावर गुरव एक फूल ठेवतो, आणि आरती सुरू होते.

सुकन्यानं ठरवलं, या वर्षी पाटांवर मुलं बसतील. पागोटी बांधून, उपरणी घेऊन. प्रत्येकानं ओ द्यायची आणि आपल्या पूर्वजाविषयी दोन वाक्यं बोलायची. गावाला कल्पना आवडली. सहा घरांतून सहा पोरं मिळाली. आनंदीबाईंच्या घराकडून भूपेशचा पुतण्या विशाल.

तालीम बघायला मोरू गुरव आला. ऐंशीच्या पुढचा म्हातारा, काटकुळा. पोरं बघून खूश झाला. मग सातव्या पाटाकडे बोट करून म्हणाला, "सूनबाय, सहाच पोरं बसव. या पाटावर कोन बसत न्हाय."

"पण का, मोरूकाका?"

"चाल हाय."

"चाल आहे, पण तिला कारण असेल की."

मोरूनं तिच्याकडे पाहिलं. काहीतरी ओठांवर आलं. मग तो उपरणं झटकून उठला.

"चाल हाय," एवढंच पुन्हा म्हणाला.

सुकन्याला ते खटकलं. ज्या माणसानं आपल्याबरोबर देऊळ उभारलं, त्याला वंश नाही म्हणून त्याचं नाव हवेत सोडून द्यायचं? इतिहासात असं भोक ठेवायचं? ती रात्रभर विचार करत राहिली. सकाळी तिनं ओवीला जवळ घेतलं.

"आपण एक गंमत करायची. कुणाला सांगायचं नाही हां. आजीलाही नाही."

पौर्णिमेला दुपारी कळस चढला. संध्याकाळी मांडव भरला. बाहेर ओहोटी होती, खाडी उघडी पडली होती.

मोरू देवीसमोर उभा राहिला.

"जोमा गोमाचा!"

"हाय!" पहिलं पोर पाटावर बसलं. टाळ्या पडल्या.

"चांगो पोशाचा!"

"हाय!"

तिसऱ्याला विशालचं पागोटं डोळ्यांवर घसरलं. मांडव हसला. चार... पाच... सहा.

मग मोरूनं आवाज खाली आणला.

"दामू... हिराजीचा."

चारशे माना खाली गेल्या. कुणी खोकलंसुद्धा नाही.

आणि खांबाआडून एक बारीक, खणखणीत आवाज आला.

"हाय!"

ओवी पागोटं सावरत बाहेर आली. चालत गेली. सातव्या पाटावर बसली.

सुकन्या टाळ्यांची वाट बघत होती.

टाळी वाजली नाही.

गाभाऱ्यातून वास आला... खाऱ्या चिखलाचा. ओहोटीला खाडीच्या काठाला येतो तसा. देवीसमोर धूप जळत होता, तरीही तोच वास. देवळाच्या खाली, उघाडीची झडप एकदा आपटली.

ओहोटीला ती झडप उघडी असते. आपटायचं काही कारण नव्हतं.

मोरू मटकन खाली बसला. आणि मग सुकन्यानं जे पाहिलं, ते तिला आजही विसरता येत नाही. मांडवातल्या प्रत्येक आईनं आपल्या पोराच्या तोंडावर हात ठेवला. एकाच वेळी. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. तसाच हात ठेवून एकेक आई उठली आणि चालू लागली.

आरती झाली नाही. भाताची पातेली भरलेली तशीच राहिली.

बायकांच्या घोळक्यातून आनंदीबाई उठून आल्या. सुकन्याला वाटलं, ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत.

"काय केलंस गो तू?" एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओवी अभ्यास करत होती. सुकन्या देवापाशी वात लावत होती.

"हाय!" ओवी मोठ्यानं म्हणाली.

"काय गं?"

"काही नाही. हाक आली."

"कुणाची?"

"दामू म्हणून."

"तुझं नाव दामू आहे का?"

ओवी हसली. "नाही. पण ओ द्यायला पाहिजे ना. तूच सांगितलंस."

सुकन्यानं कान देऊन ऐकलं. बाहेर एक रिक्षा गेली. लांब कुत्रं भुंकलं. बाकी काही नाही.

तिसऱ्या दिवशी ती सांजवात लावून वळली, तर ओवी घरात नव्हती. बांधाच्या वाटेवर सापडली. उघाडीकडे तोंड करून उभी. पाय घोट्यापर्यंत चिखलात. सुकन्यानं हाक मारली, "ओवी!"

ती वळली नाही.

"ओवी! ए ओवी!"

नाहीच.

मग सुकन्यालाही ऐकू आली... एक हाक. ना बाईची, ना पुरुषाची. ओल्या मातीतून बुडबुडा वर यावा तशी.

दामूऽऽ...

"हाय!" ओवीनं ओ दिली. आणि एक पाऊल पुढे टाकलं.

सुकन्यानं तिला ओढत घरी आणलं. त्या संध्याकाळी आनंदीबाईंनी दार लावून घेतलं आणि सांगितलं. सुकन्याच्या वहीत जे कुणी लिहू दिलं नव्हतं, ते.

सात जणांनी देवीला बोल दिला होता, दर घरामागं एक पोर. बांधाच्या पोटात. पहिली हाक दामूला आली. दामूनं आपला मुलगा नेला. उघाडीच्या खड्ड्यात उतरवला आणि स्वतःच्या हातानं माती ओढली. त्याच वर्षी बांध टिकला. मग बाकी सहा जणांनी आपापसात ठरवलं, झालं की काम. आता आपली पोरं कशाला? त्यांनी कोंबडे कापले आणि गप्प बसले. दामूची बायको त्याच उघाडीत गेली. दामू देवळाच्या पायरीवर बसून मेला. त्याचं घर बुडालं.

"तेच्याएवडा भगत या देवीला परत मिलाला न्हाय," आनंदीबाई म्हणाल्या. "म्हनून तेचं नाव घेतात. नाव घेतलं म्हंजे देवी रुसत न्हाय. ओ देत न्हाय, म्हंजे पोर जात न्हाय. जो ओ दील, तो दामूच्या घरचा. आनि दामूच्या घरचं पोर..."



"मला आधी का नाही सांगितलंत, आई?"

"काय सांगू? आमच्या सा घरांनी लबाडी केली, ते? तुज्या वहीत लिवाया?"

भूपेश आणि सुकन्या दोघं मोरूकडे गेले. म्हातारा तीन दिवसांत निम्मा झाला होता.

"सुटायला वाट एकच," तो म्हणाला. "त्या नावाला दुसऱ्या कोनी ओ द्यायची. मग हाक तिकडं जाते."

"मी देते," सुकन्या म्हणाली.

"मोट्या मानसाचं चालत न्हाय, बाय. पोर लागतं."

तरीही तिनं करून बघितलं. चौथ्या दिवशी बांधावर जाऊन उभी राहिली. हाक आली तशी छाती फोडून ओरडली, "हाय! मी हाय!"

थोडा वेळ काहीच नाही.

मग परत तीच हाक, तिला ओलांडून, घराच्या दिशेनं... दामूऽऽ...

आणि मागून, घरातून, भूपेशनं धरून ठेवलेल्या ओवीचा आवाज. "हाय!"

पाचव्या दिवशी भूपेश सहाही घरांत गेला. त्याच्या डोक्यात वेगळंच होतं. सहा घरांची सहा पोरं एकदम ओ देतील. हाक वाटली जाईल. कुणा एकावर येणार नाही. आपल्या घराकडून विशालला उभं करायलाही तो तयार होता.

सख्ख्या भावानंच त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही.

"तुझ्या बायकोनं केलंय ना? मग तिलाच निस्तरू दे. माझ्या पोराचं नाव तोंडातून काढलंस तर बघ."

प्रितमनं तर दारच उघडलं नाही. आतून म्हणाला, "भूपेशदादा, वाईट नको वाटून घेऊस. पन जा."

सहाव्या दिवशी सुकन्या नळावर गेली, तर बायका बादल्या अर्ध्या टाकून उठल्या. पोरं तिला बघून तोंडावर हात धरून पळाली. तिनंच पाढे शिकवलेली पोरं.

"मी कधी कुणाचं पोर असं दिलं नसतं," सुकन्या त्या संध्याकाळी भूपेशला म्हणाली. "पण त्यांनी निदान दार उघडायचं होतं."

यातलं तिचं पहिलं वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे.

खाडीकाठच्या माणसाला तिथी सांगितली की पाण्याची वेळ कळते. पौर्णिमेला तिन्हीसांजेला ओहोटी असते. मग रोज भरती थोडी थोडी उशिरा सरकते. अष्टमीला तिन्हीसांजेलाच पाणी भरतं.

अष्टमीला ओवी भूपेशच्या हाताला चावून सुटली.

सुकन्या धावत बांधावर पोचली. ओवी उघाडीच्या फळीवर उभी होती. खाली काळं पाणी झडपेला लागलं होतं. सुकन्यानं तिला मागून कवेत घेतलं आणि तिच्या तोंडावर हात दाबला.

दामूऽऽ...

ओवीचे दात तिच्या तळव्यात रुतले. सुकन्यानं हात काढला नाही.

दामूऽऽ...

आता हाक पायांखालून आली. फळी थरथरली. ओवीचं अंग बर्फासारखं गार पडलं होतं.

दामूऽऽ...

पाणी फळीपर्यंत चढलं. तिच्या चपला भिजल्या.

मग सगळं थांबलं.

तीन हाकांना ओ आली नाही की गैरहजेरी. वर्गात आपण तसंच करतो. सुकन्या मला म्हणाली, "दादा, तेव्हा मला हेच सुचलं. वेड्यासारखं. की आज गैरहजर. फक्त आजच्या दिवस."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओवीला घेऊन दोघांनी गाव सोडलं. आनंदीबाई मागं राहिल्या.

भाड्यानं घर घेतलं, भिवंडीतल्या नारपोलीत. तिसऱ्या मजल्यावरची खोली, खाली लूमचा कारखाना. चोवीस तास खटखट खटखट. फडताळातले कप एकमेकांवर आपटायचे. बोलायचं तर ओरडून. खोली दाखवणाऱ्या एजंटला सुकन्यानं विचारलं होतं, "लूम रात को भी चालू रहते हैं ना?"

तो हसला. "मॅडम, लोग तो इसी वजह से छोड़ के जाते हैं."

त्या आवाजात हाक ऐकू येत नव्हती. दिवेलागणीला ओवीचे ओठ नुसते हलायचे. पण पोर दिवसेंदिवस वाळत चाललं. जेवायचं नाही. नावानं हाक मारली तर बघायचं नाही.

आणि शुक्रवारी लूम बंद असतात.

पहिल्या शुक्रवारी हाक रस्त्यावरून आली. सुकन्यानं घाईघाईनं टीव्ही मोठा केला, मिक्सर रिकामाच फिरवला, ओवीच्या कानात बोळे घातले आणि तोंड दाबून बसली. असे किती शुक्रवार गेले. दर शुक्रवारी हाक थोडी जवळ. फाटकापाशी... जिन्याच्या तळाशी... मग पहिल्या मजल्यावर. खिडकी-दार बंद करून, टीव्हीच्या वरताण तिला ऐकू यायचं.

मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी हाक दुसऱ्या मजल्यावर होती.

भाडं भागवायला सुकन्यानं घरात शिकवणी सुरू केली होती. लूमवाल्यांची दहा-बारा मुलं यायची. बहुतेक हिंदी बोलणारी. फी जमेल तशी. वेळ पाच ते सात, शुक्रवारी सुट्टी. त्यात एक करिष्मा होती. सहा वर्षांची, दोन आखूड वेण्या, समोरचे दात पडलेले. बाप लूमवर, आई घरी धागा गुंडाळायची. या करिष्माची एक खोड होती. हजेरीला नाव कुणाचंही घ्या, हीच आधी ओरडायची.

"हाजिर, टीचर!"

"करिष्मा, तेरा नाम आया क्या?"

"नहीं आया टीचर. पर मैं तो हूँ ना!"

सगळी मुलं हसायची. सुकन्याही हसायची. फोनवर तिनं मलाही हे सांगितलं होतं, हसत हसत. गाव सोडल्यावर ती पहिल्यांदा हसल्याचं मी तेव्हा ऐकलं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिचा फोन आला.

"दादा, शुक्रवारी येशील? भूपेशची ड्युटी आहे. ओवीला धरायला कुणी नाही."

मी गेलो. पाचला पोचलो. खाली लूम बंद. इमारत इतकी शांत की जिन्यात माझ्याच चपला मला मोठ्यानं ऐकू आल्या.

दार उघडलं, तर आत वर्ग भरलेला.

"आज सुट्टी असते ना?" मी विचारलं.

"परीक्षा जवळ आलीय," सुकन्या म्हणाली. माझ्याकडे न बघता.

मी मुलांचे पाढे घेतले. करिष्मा माझ्या मांडीला मांडी लावून बसली आणि तिनं बेचा पाढा तीनदा म्हणून दाखवला. दोनदा चुकली, आणि दोन्ही वेळा माझ्यावरच डोळे वटारले.

सव्वासहाला सुकन्या म्हणाली, "दादा, ओवीला घेऊन स्वयंपाकघरात बस. तोंडावर हात ठेव. काही झालं तरी काढू नकोस."

मी बसलो. दार अर्धं उघडं होतं. मला खोलीतला फळा दिसत होता.

टीव्ही बंद होता. खिडकी उघडी होती.

हे मी तेव्हाच पाहिलं. काही विचारलं नाही.

सुकन्यानं खडू घेतला आणि मुलांकडे पाठ करून फळ्यासमोर उभी राहिली. काही लिहिलं नाही.

दामूऽऽ...

जिन्यातून. खालच्या वळणावरून. मुलांनी वह्यांतून डोकी वर काढली. माझ्या तळव्याखाली ओवीचा जबडा घट्ट झाला.

सुकन्या वळली नाही.

दामूऽऽ...

आता आमच्या मजल्यावर. चिखलाचा वास दाराखालून आत आला. एक मुलगा म्हणाला, "टीचर, कौन है?"

सुकन्या वळली नाही. खडू फळ्याला टेकलेला होता. हलत नव्हता.

दामूऽऽ...

दाराबाहेरून. अगदी लागून.

आणि मग खोलीतून...

"हाजिर, टीचर!"

पोरं खो खो हसली. "अरे, तेरा नाम कहाँ आया?"

"नहीं आया. पर मैं तो हूँ ना!"

सुकन्याच्या हातातला खडू मोडला.

"बैठ जाओ," ती म्हणाली. फळ्याकडेच तोंड करून. "सब लिखो."

माझ्या हाताखालचा जबडा सैल पडला. ओवीनं माझा हात बाजूला केला, माझ्याकडे पाहिलं, मला ओळखलं.

"मामा, भूक लागलीय," ती म्हणाली.

मी तिला भात कालवून दिला. ती दोनदा मागून जेवली. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते आनंदाचं होतं. तेही इथं लिहून ठेवतो.

करिष्मा त्यानंतर बुधवारपर्यंत शिकवणीला आली, असं सुकन्यानं सांगितलं. सोमवारी खाली लूम दणदणत असताना तिनं साडेसहाला मान वर केली, दाराकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "हाजिर." मंगळवारी दारात तिच्या चपला चिखलानं भरलेल्या होत्या. एप्रिलात. नळाला दोन-दोन दिवस पाणी येत नव्हतं तेव्हा.

बुधवारी तिची आई वर आली.

"टीचर, बच्ची नाम से बुलाओ तो सुनती नहीं. आपने कुछ देखा क्या?"

"नहीं तो," सुकन्या म्हणाली.

गुरुवारी करिष्मा आली नाही. शेजारची बाई म्हणाली, गांव चले गए. कुठल्या गावाला, ते सुकन्यानं विचारलं नाही. मीही नाही.

या वर्षीच्या माघी पौर्णिमेला मोरू गुरवानं सात नावं घेतली. सहा ओ आल्या. सातव्याला कुणी बोललं नाही. आनंदीबाई आता नारपोलीत राहतात. त्यांनी काय ते ओळखलं आहे. सुनेशी त्या फार गोडीनं वागतात. पूर्वी एवढ्या वागत नव्हत्या.

ओवी ठणठणीत आहे. पाचवीत गेली. शुक्रवारी आता टीव्ही लावावा लागत नाही.

सुकन्यानं शिकवणी बंद केली.

मी तिला एकदाच विचारलं, "त्या दिवशी फळ्याकडे तोंड का करून उभी होतीस?"



"दादा, ओवी आता नीट जेवते," ती म्हणाली.

मी अडतीस वर्षं शिक्षक होतो. सुकन्याला अक्षर ओळखायला मीच शिकवलं. नाव घेतलं की खणखणीत ओ द्यायची, ही शिस्तही माझीच. अजून सांजवातीच्या वेळी जिन्यात कुणाचं पाऊल वाजलं की मी कान देतो. हाक येत नाही. ती आता दुसरीकडे जाते.

हे सगळं मी सांगून टाकलं. बरं वाटेल असं वाटलं होतं.

पण मी मराठीत लिहिलं आहे. करिष्माच्या आईला मराठी वाचता येत नाही, हे मला आधीपासून माहीत होतं.